ध्यान कथा व्हतं तुनं?

शनिवार सकाळ म्हणजे आमच्यासारख्या सॉफ्टवेअर हमालांची आठवड्याची सुटका. दुसरा चहा, पेपर, आणि 'आज सायकल बाहेर काढायचीच' हा दर शनिवारी होणारा आणि दर शनिवारी मोडणारा निश्चय. तीन आठवड्यांपूर्वी अशाच एका शनिवारी दोंडाईचाहून ताईचा फोन आला.

"पोरगी पडनी रे भाऊ फाटकवर. हात मोडना."

पोरगी म्हणजे माझी भाची. आठवीत आहे. घर ते शाळा साधारण चार किलोमीटर, मध्ये रेल्वेचं फाटक. आदल्या दिवशी सकाळी भुरभुर पाऊस होता, फाटक उघडं होतं, गाडी-बिडी काही नव्हती. कुणी धक्का मारला नाही, कुणी कट मारला नाही. पोरगी सरळ आपल्या बाजूने चालली होती आणि रुळावर आडवी झाली. उजवं मनगट मोडलं, हनुवटीला तीन टाके. मागून येणाऱ्या दूधवाल्याने गाडी दाबली म्हणून बरं. नाहीतर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

फाटकावर जमलेल्या लोकांनी तिला उचललं, पाणी पाजलं, दप्तर गोळा करून दिलं. आणि मग सगळ्यांनी तिला तोच एक प्रश्न विचारला, जो आपल्याकडे पडलेल्या प्रत्येक सायकलवाल्याला विचारतात. "ध्यान कथा व्हतं तुनं?" लक्ष कुठं होतं तुझं?

घरी आल्यावर आजीने विचारलं, ध्यान कथा व्हतं. डॉक्टरांनी विचारलं. वर्गशिक्षकांनी फोनवर विचारलं. दाजींनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निकाल लावला, "सायकल बंद." मग ताईने फोन तिच्याकडे दिला, आणि मीही... सांगायला लाज वाटते, पण मीसुद्धा पहिलं वाक्य तेच बोललो. "काय ग, लक्ष कुठं होतं तुझं?"

पलीकडून थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाली, "रुळाकडेच होतं मामा. मी सारखी रुळाकडेच बघत होते. तरी पडले."

हे वाक्य मला दिवसभर चावत राहिलं.

कारण तसं बघितलं तर माझा धंदाच हा आहे. टेस्टर बग टाकतो, आणि आम्ही खाली ऐटीत लिहितो, 'युजरने चुकीच्या ठिकाणी क्लिक केलं. बग नाही.' आणि बंद करून टाकतो. नवीन होतो तेव्हा मी असे ढिगाने बंद केले. मग एकदा एका ज्येष्ठ सहकाऱ्याने बाजूला घेऊन सांगितलं: एक माणूस चुकीचं बटण दाबतो तेव्हा ती त्याची चूक असेल. पण रोज वेगवेगळी माणसं येऊन तेच चुकीचं बटण दाबत असतील, तर बटण चुकीच्या जागी आहे. चूक तुझी. एवढं साधं. आणि ऑफिसात रोज पाळतो तो नियम मी स्वतःच्या भाचीला लावला नाही.

म्हणून पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीने धुळे आणि तिथून एसटीने दोंडाईचा गाठलं. मिरचीचा सीझन नव्हता, त्यामुळे गावात शिरताना नेहमीचा ठसका लागला नाही. भाचीच्या कंपासपेटीतली पट्टी खिशात टाकली आणि शनिवारची सगळी सकाळ त्या फाटकापाशी चहाच्या टपरीवर काढली. कुठलं फाटक ते मुद्दाम लिहीत नाही. मला कुणा एकाला धरायचं नाहीये, आणि असं फाटक तुमच्याही गावाजवळ असणार.

टपरीवाल्याला विचारलं, इथे सायकली पडतात का हो? त्याने चहा गाळता गाळता वरही न बघता सांगितलं, "पाऊस पडना का पडतसच." पाऊस पडला की पडतातच. पावसाळ्यात छत्र्या विकायला येतात, तितकंच नेहमीचं. वेगवेगळी माणसं, एकच बटण.

आता जरा गणित. घाबरू नका, आठवीचंच आहे. :)

रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने एक बाहेर आलेली कडा असते. तीच चाकाला रुळावर धरून ठेवते. रस्ता जिथे रूळ ओलांडतो तिथे डांबर किंवा ब्लॉक रुळाच्या बरोबरीने भरलेले असतात, पण या कडेला जायला रुळाच्या आतल्या बाजूला सलग खाच ठेवावीच लागते. ब्रॉडगेजवर ही खाच रेल्वेच्या मापांप्रमाणे ५१ ते ५७ मिलिमीटर रुंद आणि किमान ३८ मिलिमीटर खोल असते. ती नसेल तर गाडी घसरेल. म्हणजे खाच हवीच, त्याबद्दल वाद नाही. साध्या लेडीज सायकलचं टायर असतं ३७ ते ४० मिलिमीटर. खाचेत अगदी आरामात बसतं.

आता ही खाच तुम्ही काटकोनात ओलांडलीत, तर २६ इंची चाक ५५ मिलिमीटरच्या फटीत किती खाली जाईल? जेमतेम एक मिलिमीटर. कळतसुद्धा नाही. पण रस्ता रुळाला तिरका असेल, समजा ३० अंशांत, तर चाकाच्या दिशेने तीच फट दुप्पट लांब होते, ११० मिलिमीटर. चाक साडेचार मिलिमीटर खाली बसतं. १५ अंशांत फट २१ सेंटिमीटरवर जाते आणि चाक १७ मिलिमीटर आत. १० अंशांवर चाक जवळजवळ तळाला टेकतं. (टायरची रुंदी धरली तर आकडे थोडे हलतील, पण गोष्ट तीच.) कोन निम्मा झाला की धोका दुप्पट नाही, चौपट होतो.

आणि चाक खाचेत गेलं की काय होतं? सायकल आपण तोल 'सांभाळून' चालवतो असं आपल्याला वाटतं. खरं तर आपण सतत थोडं थोडं पडत असतो आणि ज्या बाजूला पडतो त्या बाजूला हँडल किंचित वळवून चाक परत अंगाखाली आणतो. हे इतकं नकळत होतं की आपण त्याला कौशल्यही म्हणत नाही. पुढचं चाक खाचेत अडकलं की हँडल वळत नाही. हँडल वळत नाही म्हणजे तोल सावरायचं एकमेव साधन गेलं. तुम्ही रुळाच्या दिशेने बांधले गेलात आणि शरीर रस्त्याच्या दिशेने निघालेलं. पुढे पाय टेकायलाही वेळ मिळत नाही. त्यात पोलाद ओलं असेल तर चाक नीट खाचेत जायचीही गरज नाही, रुळाच्या गुळगुळीत डोक्यावरूनच घसरतं.

यात 'ध्यान' कुठे आलं? लक्ष देऊन १५ अंशांचा कोन ९० होतो का? भाची रुळाकडे बघत होती हे शंभर टक्के खरं असणार. बघून काय करायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि रस्ताच तिला तिरका नेत होता.

टपरीवर बसून आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. रोजचे सायकलवाले तिथे पडत नाहीत. का, तर त्यांना युक्ती माहीत आहे. दूध घालणारे म्हातारेबुवा फाटकाच्या अलीकडे डाव्या कडेला जातात, मग हँडल उजवीकडे घालून रूळ जवळजवळ आडवे कापतात, आणि पलीकडे पुन्हा डावीकडे येतात. इंग्रजी एस काढल्यासारखं. बघायला छान वाटतं. पण हा एस काढताना ते अर्ध्या रस्त्यावर आडवे येतात. मागून ट्रॅक्टर, पुढून ट्रक, आणि फाटक उघडल्यावर दोन्ही बाजूंनी एकदम सुटलेल्या मोटारसायकली. मागचा हॉर्नवर हात ठेवतो आणि ओरडतो, "ए बाबा, सरळ चाल ना!" बाबा सरळ चालले तर पडतात. आडवे गेले तर ठोकले जातात. यातलं काय निवडायचं ते त्यांनी रोज सकाळी दुधाच्या कॅनसकट ठरवायचं. आता ही लाइन दुहेरी झाली आहे. म्हणजे दोनाऐवजी चार रूळ, दोनाऐवजी चार खाचा, आणि एस अजून लांब.

शाळेच्या मोठ्या मुली सरळ उतरतात आणि सायकल हातात धरून जातात. सगळ्यात शहाण्या. पण त्यांनाही मागून हॉर्न बसतातच, कारण त्या 'ट्रॅफिक अडवतात'. म्हणजे नीट वागलं तरी शिव्याच.

मग हे इतकं उघड असताना कुणाला दिसत कसं नाही? माझं उत्तर साधं आहे. मोटारसायकलचं पुढचं टायर साधारण पावणेतीन इंच, म्हणजे ७० मिलिमीटर. स्कूटरचं ९०. कारचं तर विचारूच नका. ५७ मिलिमीटरच्या खाचेत यातलं काहीच जात नाही. गावातला रस्ता ज्यांनी आखला, ज्यांनी मंजूर केला, ज्यांनी उद्घाटनाला नारळ फोडला, त्यांच्यापैकी कुणाचंही टायर त्या फटीत बसत नाही. त्यांच्यासाठी तिथे फक्त 'खडखड' आहे, दोन सेकंदांची. ज्याचं टायर फटीत जात नाही त्याला फट दिसत नाही, हा जगाचा नियम असावा. आणि दिसली तरी तो म्हणतो, मी नाही पडलो बुवा, तू कसा पडलास? ध्यान कथा व्हतं?

बरं, ही फट काही नवी नाही. आपल्या राज्यात ती नुसती फाटकावर नव्हती, भर रस्त्यातून मैलोन् मैल धावत होती. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली विजेची आली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली. नाशकातही स्टेशनापासून गावात जाणारी घोड्यांची ट्राम विसाव्या शतकाच्या तिसाव्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत होती. आमच्या आजोबांचे एक चुलतभाऊ खानदेशातून परळला गिरणीत गेले होते आणि सायकलने कामावर जात. लहानपणी सुट्टीत ते आले की मुंबईच्या गोष्टी सांगायचे. त्यातली ही एक मला परवा टपरीवर बसल्यावर आठवली. ते म्हणायचे, मुंबईत माणूस नवा का जुना हे ट्रामच्या रुळावर कळतं. नवा रुळाच्या बाजूने जातो, जुना रूळ कापतो.

फाटकापेक्षा ट्रामचा रस्ता सायकलवाल्याला वाईट, कारण फाटकावर रूळ एकदाच ओलांडायचे असतात. ट्रामचे रूळ रस्त्याला समांतर चालतात. म्हणजे कोन मुळातच शून्याजवळ. डावीकडे हातगाडी उभी आहे, तिला वळसा घालायचा तर रूळ ओलांडा. बस थांबली, रूळ ओलांडा. कुणी दार उघडलं, घाईत रूळ ओलांडा. आणि प्रत्येक वेळी तिरकं, कारण आडवं जायला जागाच नसते.

हे नुसतं माझं गणित नाही. कॅनडात टोरोंटोला आजही रस्त्यावरून ट्राम धावते. तिथल्या जखमी सायकलस्वारांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. २७६ जखमींपैकी ८७ जण, म्हणजे ३२ टक्के, रुळांमुळे पडलेले. तिघातला एक! मोठ्या शहरात, शिकल्यासवरलेले, हेल्मेटवाले लोक. ते सगळे काय बेध्यान होते? त्यातले बहुतेक रुळाच्या खाचेत चाक अडकून पडले, आणि जाड टायरच्या सायकली त्या मानाने कमी अडकल्या. एडिंबरामध्ये २०१४ साली ट्राम नव्याने सुरू झाली आणि २०१७ साली तिथल्या भर रस्त्यात एक सायकलस्वार विद्यार्थिनी रुळावर पडून मागच्या गाडीखाली गेली. दूधवाल्याने गाडी दाबली नसती तर... असो.

आता माझ्या मित्रांकडे वळतो, कारण खरं भांडण त्यांच्याशी आहे.

पुण्या-मुंबईत आमच्या वयाच्या लोकांना हल्ली ट्रामचं फार प्रेम आलं आहे. युरोपची ट्रिप करून आले की पहिलं वाक्य, "आपण ट्राम बंद करून केवढी चूक केली!" मलाही ट्राम आवडते हो. धूर नाही, मोठमोठे पूल नाहीत, म्हाताऱ्या माणसाला फुटपाथवरून दोन पावलांत चढता येतं. पण फोटो दाखवताना त्याच रस्त्यावर सायकलवाल्यांसाठी वेगळी वाट आखलेली असते, वळणावर ती वाट वाकवून रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडायला लावलेले असतात, ते यांच्या फोटोत येत नाही. आपल्याकडे ट्राम आली तर रूळ येतील, वाट येणार नाही. मग चार लोक पडतील, आणि पाचव्या दिवशी वर्तमानपत्रात येईल, 'सायकलस्वारांनी काळजी घ्यावी'.

आणि सहाव्या दिवशी? सायकल बंद. हे मी अंदाजाने म्हणत नाही. भारतात ट्राम टिकवून ठेवणारं एकच शहर उरलं होतं, कोलकाता. त्या कोलकात्यात २०१३ साली पावणेदोनशेच्या आसपास रस्त्यांवर सायकलला बंदी केली. ट्राममुळे नव्हे, वाहतुकीचा वेग वाढावा म्हणून. पेपर टाकणारा, दूध घालणारा, कामावर जाणारा, सगळ्यांना गल्लीबोळांतून फिरायला लावलं. आणि पुढे ट्रामचं काय झालं? २०२४ साली राज्य सरकारने सांगितलं की एक छोटा मार्ग शोभेला ठेवून बाकी ट्राम बंद. कारण? वाहतुकीचा वेग! म्हणजे सायकलही गेली, ट्रामही चालली, आणि बंद मार्गांवरचे रूळ मात्र कित्येक ठिकाणी रस्त्यात तसेच. आता त्यावरून स्कूटरवाले घसरतात.

आमच्या दाजींनी वेगळं काय केलं? पोरगी पडली, सायकल बंद. मी दाजींना नावं ठेवत नाही. बापाचा जीव आहे, एक्स-रे बघून कुणाचाही हात थरथरेल. पण सायकल बंद म्हणजे काय ते बघा. चार किलोमीटर चालत, नाहीतर शेअर रिक्षात सहा जणांत सातवी. पावसाळ्यात रिक्षा नाही आली की शाळा बुडाली. आठवीची पोरगी आठवड्यातून दोनदा शाळा बुडवायला लागली की पुढे काय होतं, हे खानदेशात तरी कुणाला समजावून सांगायला नको. सरकार मानव विकास कार्यक्रमातून शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली देतं. फार चांगली योजना आहे, मनापासून सांगतो. पण सायकल दिली, आणि शाळेच्या वाटेवरचा रस्ता तिचं चाक गिळणारा ठेवला, तर आपण दिलं काय?

आता नेहमीचे मुद्दे.

मुद्दा पहिला: रोज शेकडो लोक जातात, पडत नाहीत. बरोबर. जे पडत नाहीत ते एकतर आधी एकदा पडलेले आहेत, किंवा पडलेल्याला बघून शिकलेले. हाड मोडून शिकवायची पद्धत शाळेत बंद झाली, रस्त्यावर कशाला चालू ठेवायची?

मुद्दा दुसरा: फाटकंच काढून टाकतायत की! हो. ब्रॉडगेजवरची विनाचौकीदार फाटकं २०१९ च्या सुरुवातीला संपली, ही मोठीच गोष्ट झाली. चौकीदार असलेल्या फाटकांच्या जागीही उड्डाणपूल किंवा खालून बोगदा होत आहेत. पूल झाला की खाचेचा प्रश्न मिटतो, पण सायकलवाल्याला तो चढ ट्रकच्या शेजारून चढायचा असतो. बोगदा पावसाळ्यात पाण्याने भरतो. मग काय होतं, तुम्हीही पाहिलं असेल: लोक सायकल खांद्यावर घेऊन खडीवरून रूळ ओलांडतात. तो रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाखाली गुन्हा आहे आणि त्यात मरण आहे, कारण आता गाड्या पूर्वीसारख्या डुलत येत नाहीत. बोगदा काढलात तर पाणी काढायचीही सोय करा, आणि सायकलसाठी कडेने उंच वाट. नाहीतर खाच परवडली.

मुद्दा तिसरा: खर्च कोण करणार? हा मुद्दा ऐकून मला खरंच राग येतो. अमेरिकेत टेनेसी राज्यात नॉक्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथे एका तिरक्या रेल्वे क्रॉसिंगवर विद्यापीठातल्या लोकांनी कॅमेरा लावला. दोन महिन्यांत तीसच्या वर सायकलवाले कॅमेऱ्यासमोर आडवे झाले. त्या व्हिडिओत ज्यांना बघाल ते कुणी फोनवर बोलत नव्हते की गाणी ऐकत नव्हते. सरळ जाता जाता धाडकन खाली. अभ्यासातून दिसलं की ३० अंशांच्या खाली प्रकरण हाताबाहेर जातं, आणि ६० अंशांच्या पुढे जवळजवळ कुणी पडत नाही. मग तिथे काय केलं? उड्डाणपूल बांधला? नाही. कडेला चार हात डांबर वाढवलं आणि सायकलची वाट जराशी बाहेर वाकवून रूळ ६० अंशांत ओलांडायला लावली. पडणं जवळपास थांबलं. म्हाताऱ्या दूधवाल्याचा तो एस! फक्त तो ट्रकच्या समोर न काढता कडेला, हक्काच्या जागेत. आमच्या गावातल्या एका स्वागत कमानीच्या खर्चात अशी किती फाटकं होतील, हिशोब तुम्हीच करा.

काहीजण म्हणतील, खाचेत रबर भरा की. तेही करून बघितलंय लोकांनी. क्वचित गाडी जाणाऱ्या सायडिंगवर चालतं. पण रोज गाड्या जाणाऱ्या रुळावर रबर फार लवकर झिजतं. म्हणून मी खाच बुजवा म्हणत नाही. खाच राहू द्या, कोन बदला.

आणि तेवढंही होईपर्यंत किमान दोन गोष्टी. फाटकाच्या अलीकडे एक पाटी, मराठीत, चित्रासकट: सायकलवाल्यांनी रूळ आडवे कापावेत. आणि रस्त्यावर एक पट्टा रंगवलेला, म्हणजे मागच्याला कळेल की पुढचा आडवा येतोय तो वेड लागून नव्हे. रंग मात्र रुळापर्यंत नेऊ नका, ओला रंगही रुळाइतकाच घसरतो.

तुम्ही सायकल चालवत असाल (किंवा माझ्यासारखे चालवायचा निश्चय करत असाल) तर हे लक्षात ठेवा. रुळाच्या बरंच आधी मागे बघा आणि हात दाखवा. वेग कमी करा, पण रुळाच्या अलीकडेच. रुळावर ब्रेक नाही, वळण नाही. चाक रुळाला शक्य तितकं आडवं करा. सीटवरून जरा उठा. बघायचं पलीकडे, रुळाकडे नाही. जागा नसेल, पाऊस असेल, मागे गर्दी असेल, तर उतरा आणि चालत जा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे. हॉर्नने हात मोडत नाही.

रविवारी सकाळी ताईच्या अंगणात मी खडूने दोन रेघा मारल्या. भाचीचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून ती खुर्चीवर बसून बघत होती आणि मी तिच्या सायकलवरून (गुडघे हनुवटीला लागत होते!) तिरकं, आडवं, तिरकं, आडवं करून दाखवत होतो. शेजारची चार पोरंही जमली आणि रेघांवरून एस काढायला लागली. पंधरा मिनिटांत सगळ्यांना आलं. पंधरा मिनिटं! एवढंच होतं ते, आणि ते कुठल्या शाळेत शिकवत नाहीत.

दाजी ओट्यावर बसून सगळं बघत होते. मग उठले आणि म्हणाले, "म्हणजे तिची चूक नव्हती म्हणतोस?"

"नव्हती दाजी."

ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी एसटीला सोडायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "प्लास्टर निघू दे. बघू. आधी मी स्वतः जाऊन बघतो तिथं सायकलवर." दाजींनी शेवटची सायकल चालवली त्याला वीस वर्षं तरी झाली असतील. काळजी वाटते खरी, पण गावातल्या एका तरी मोटारसायकलवाल्याचं टायर आता त्या फटीत बसेल.

नगरपालिकेला आणि रेल्वेला द्यायचा अर्ज मी बसमध्येच लिहून काढला, चित्र आणि मापांसकट. भाचीने डाव्या हाताने सही केली आहे. तुमच्या गावच्या फाटकावर रुळाचा आणि रस्त्याचा कोन किती आहे, एकदा बघून या. आणि पुढच्या वेळी कुणी सायकलवाला पडलेला दिसला तर त्याला उचला, पाणी द्या, आणि तो प्रश्न तेवढा विचारू नका.

चहा गार झाला. आज मात्र सायकल काढतोच.